त्र्यंबक येथील एका जीपगाडीचें जुनें वायरिंग

गेल्या कार्तिकांत त्र्यंबक क्षेत्रीं चार दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका तीर्थोपाध्याय स्नेह्यांच्या घरीं यजमानांच्या नांवांच्या जुन्या वह्या आहेत. त्यांपैकीं दोन वह्या कसरीनें इतक्या खाल्ल्या होत्या कीं, त्यांची नक्कल करून घेणें भाग होतें आणि मोडी वाचणारा म्हणून त्यांनीं आम्हांस बोलाविलें होतें. काम ओसरीवर बसून चाललें होतें. त्याच वेळीं वाड्यामागील पत्र्याच्या छपराखालीं दुसरेंहि एक काम चालू होतें. घरांत तीन पिढ्या असलेल्या एका जीपगाडीचें वायरिंग जीर्ण झालें होतें व तें समूळ काढून नवें घालण्यासाठीं नाशिकहून एक मिस्तरी आला होता. प्रस्तुत निबंध वह्यांविषयीं नसून त्या वायरिंगविषयीं आहे. ऐतिहासिक साधनांस वाहिलेल्या पत्रांत असा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल हें आम्ही जाणतों. तथापि मोटारगाडीच्या अंगांतील तारांचा जुडगा हा ताम्रपटाइतकाच वाचनीय पुरावा असूं शकतो आणि तो बदलण्याचें काम हें जीर्ण पोथीची प्रत करण्याच्या कामाहून तत्त्वतः वेगळें नाहीं, असें आमचें त्या चार दिवसांच्या अनुभवावरून मत झालें आहे. तें सकारण मांडण्याचा येथें यत्न केला आहे.

प्रथम वह्यांची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाचें माप तेंच आहे. यात्रेकरू क्षेत्रीं आला म्हणजे उपाध्याय त्याचें गांव, कुळ, आडनांव विचारून त्याच्या पूर्वजांची नोंद काढतात आणि तिच्याखालीं आलेल्या मनुष्याचें नांव, बरोबरच्या मंडळींचीं नांवें, मिति व शक लिहवून घेतात. पुष्कळदां यजमान स्वतःच्या हातानें लिहितो. अशा वहीचीं पानें झिजलीं कीं नवी वही घालतात. नवी वही नित्याच्या कामास लागते. परंतु आमच्या स्नेह्यांच्या घराण्याचा शिरस्ता असा कीं, जुनी वही टाकावयाची नाहीं. ती रुमालांत बांधून फडताळांत ठेवावयाची. नक्कल करणारा चुकतो, त्याच्या हातून ओळ गळते, त्यास न लागलेलें अक्षर तो आपल्या समजुतीनें भरतो. पुढें वाद पडला तर पाहावयास मूळ असावें, एवढाच त्यांतील हेतु. हा शिरस्ता ज्या घरांत पाळला जातो, त्याच घराच्या मागील अंगणांत त्याच दिवशीं तो मोडला जात होता, हें आमच्या लक्षांत येण्यास दोन दिवस लागले.

आतां गाडीविषयीं. जीप या नांवानें प्रसिद्ध झालेली छोटी लष्करी गाडी दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं १९४१ ते १९४५ या काळांत सहा लाखांहून अधिक संख्येनें घडविली. नाशिकशेजारचें देवळाली हें त्या युद्धांत मोठें लष्करी ठाणें होतें. युद्ध संपल्यावर सैन्यास नकोशा झालेल्या वाहनांची देशांत ठिकठिकाणीं विक्री झाली व तीं शेतकरी, कंत्राटदार, संस्थानिक यांच्या हातीं गेलीं. दुसऱ्या बाजूस महिंद्र कंपनीनें विलीजशीं करार करून सुट्या भागांतून जीपा जोडण्यास आरंभ केला; १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें जोडलेली जीप बाहेर पडली. पुढें त्याच कंपनीचा मोठा कारखाना नाशिकला सातपूर येथें झाला. नाशिकहून त्र्यंबकास निघालेल्या यात्रेकरूस हल्लीं प्रथम त्या कारखान्याचें व मायको, म्हणजे आतांच्या बॉश, कारखान्याचें आवार लागतें आणि मग पुढें ब्रह्मगिरीचें दर्शन होतें.

सारांश, या भागांतील जुन्या जीपेचें कुळ दोहोंपैकीं एक असावयाचें : युद्धांतून आलेली किंवा माझगांवाहून नवी आलेली. आमच्या स्नेह्यांच्या घरीं परंपरेनें दुसरा पक्ष चालत आला होता. आजोबांनीं रोख रुपये मोजून कोरी गाडी आणली, त्र्यंबकांतल्या मंडळींनीं तिची पूजा पाहण्यास गर्दी केली, अशी कथा घरांतील मुलांनाहि पाठ आहे. बाह्य अंगावरून निवाडा होण्यासारखा नव्हता. युद्धकालीन जीपेच्या तोंडाच्या पत्र्यास नऊ उभ्या फटी असत व नंतरच्या मुलकी जीपेस सात. परंतु या गाडीचें तोंड एका अपघातानंतर बदलून सात फटींचें बसविलेलें आहे. मूळ पेट्रोलचें यंत्र काढून डिझेलचें घातलेलें आहे, जसें आपल्याकडील असंख्य जीपांस घातलें गेलें. चासीवरील आंकडे गंजले आहेत व माहितीच्या पितळी पट्ट्या कोणीं काढल्या कोण जाणे. थोडक्यांत, साक्षीदार म्हणून तारांचा जुडगा तेवढा उरला होता.

हा जुडगा मोटारींत कसा आला याचा इतिहास थोडक्यांत असा. आरंभीच्या गाड्यांत पुढील दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत, बाजूचे घासलेटावर. यंत्रास ठिणगी मॅग्नेटो देई आणि यंत्र हातानें हँडल मारून सुरू होई. तारा त्या काय असावयाच्या, चार-दोन. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीस केटरिंग याच्या योजनेचा विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्याकडे ज्यास सेल्फ म्हणतात तो, बसविण्यांत आला आणि त्याबरोबरच विजेचे दिवे, डायनॅमो व बॅटरी हीं एकमेकांशीं बांधलीं गेलीं. मग भोंगा आला, थांबण्याचा दिवा आला, वळण दाखविणारे दिवे आले. सुट्या तारा ओढणें अशक्य झालें, तेव्हां कारखान्यांत फळीवर खिळे मारून, त्यांच्यामधून तारा नकाशाप्रमाणें फिरवून, वर सुताचें विणकाम करून सबंध जुडगा आगाऊ तयार करण्याची पद्धति पडली. झाडाच्या बुंध्यास फांद्या फुटाव्या त्याप्रमाणें मुख्य जुडग्यांतून ठराविक अंतरावर शाखा फुटतात. म्हणून प्रत्येक गाडीचा जुडगा हा त्या गाडीच्या मापाचा, तिच्या कामांचा व तिच्या काळाचा लेख असतो.

या लेखास लिपीहि आहे, ती रंगांची. तारेच्या वेष्टणाच्या रंगावरून व त्यावरील बारीक रेघेवरून ती कोठून निघून कोठें जाते हें कळतें. मात्र मोडीचीं जशीं निरनिराळीं वळणें, तशींच हींहि आहेत. इंग्लंडांतील लूकस कंपनीच्या पद्धतींत, जी मॉरिस, ऑस्टिन वगैरे गाड्यांमुळें आपल्याकडील मिस्तरींच्या अंगवळणीं पडली, तपकिरी रंग म्हणजे बॅटरीपासून आलेली सदैव जिवंत तार, पांढरा किल्लीनंतरचा, निळा पुढच्या मोठ्या दिव्यांचा, तांबडा बाजूच्या व मागच्या दिव्यांचा, काळा जमिनीचा, म्हणजे अर्थाचा. अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या पद्धतींत तपकिरी रंग मागच्या दिव्यास दिलेला असून जिवंत तारेस तांबडा आहे. म्हणजे तेंच अक्षर, परंतु उच्चार अगदीं उलट. लूकस वाचणाऱ्यानें अमेरिकन गाडी त्याच समजुतीनें वाचली तर निष्पन्न होणारा पाठ केवळ अशुद्ध नव्हे, जळणारा असतो.

जुडगा जीर्ण कां होतो? १९५० च्या सुमारापर्यंत तांब्याच्या तारेवर रबराचें वेष्टण व त्यावर लाख चढविलेल्या सुताचें विणकाम असे. रबर उष्णतेनें व हवेनें कडक होऊन तडकतें, सूत तेल पितें व कुजतें. पी. व्ही. सी. चें वेष्टण नंतरचें. त्र्यंबकचा पाऊस ज्यांनीं अनुभवला आहे त्यांस निराळें सांगावयास नको; चार महिने कपडे वाळत नाहींत तेथें तारांच्या टोकांवर हिरवा मोरचूद चढला तर नवल कसलें. तांब्यावरील हा लेप टोकापाशीं थांबत नाहीं, तो वेष्टणाखालून वीतभर आंत सरकतो आणि तार काळी पडते. काळ्या तारेवर नवें टोक डाखलें तर कथील धरीत नाहीं. शिवाय उंदीर. आमच्या स्नेह्यांच्या गाडींत डॅशबोर्डामागें उंदरांनीं केलेल्या घरट्याचें सामान पाहिलें तर त्यांत निम्मे तारांवरील सूत व निम्मे जुन्या पंचांगाचे तुकडे होते.

अशा गाडींत आग लागण्याचें भय खरें असतें. दोन उघड्या तारा, किंवा एक उघडी तार व चासीचें लोखंड, यांचा स्पर्श झाला म्हणजे बॅटरीची सर्व शक्ति त्या एका ठिकाणीं उतरते. त्या वर्षीं श्रावणांत घाट चढत असतां डॅशबोर्डांतून धूर निघाला व बॅटरीची तार उपटून टाकण्यापुरताच वेळ मिळाला, तेव्हां वायरिंग बदलण्याचा निश्चय झाला. तो योग्यच होता. जुन्या वस्तूच्या प्रेमानें ज्या गाडींत मुलें बसावयाचीं तिच्यांत कुजका जुडगा ठेवावा, असें म्हणणारे आम्ही नव्हेत.

मिस्तरीनें नाशिकहून तयार संच आणला होता. बाजारांत अशा संचास वायरिंग किट म्हणतात. जुना संच कापून काढावा, नवा घालावा, दोन दिवसांत मोकळें व्हावें, असा त्याचा बेत. पहिल्या दिवशीं सायंकाळीं आम्ही सहज मागील अंगणांत गेलों असतां त्यानें डॅशबोर्डाखालून एक जाड तार ओढून दाखविली व म्हटलें, “काका, हिला दुसरें टोकच नाहीं. उगाच कशाला ठेवायची?” त्या तारेचें टोक कापून त्यावर फीत गुंडाळलेली होती. शोध करतां अशा मुक्या तारा एकंदर चार निघाल्या. त्या सर्व सुताच्या विणकामाच्या मूळ जुडग्यांत गुंफलेल्या होत्या, म्हणजे त्या मागाहून घातलेल्या नव्हत्या. कारखान्यांतूनच आलेल्या होत्या. कारखाना ज्या तारा गुंफतो त्या कशास तरी जोडण्यासाठींच गुंफतो.

येथें आमची उत्सुकता जागी झाली. युद्धकालीन जीपेंत दिव्यांच्या दोन जाति असत. एक नेहमींचे दिवे आणि दुसरे शत्रूच्या विमानांस दिसूं नयेत असे झांकलेले मंद दिवे. पुढें मोठ्या दिव्यांच्या शेजारीं दोन लहान ब्लॅकआउट दिवे असत व डाव्या चाकावरील पत्र्यावर एक स्वतंत्र झांकलेला दिवा असे. मागें डाव्या हाताच्या दिव्यांत नेहमींचा दिवा व मंद दिवा दोन्ही असत, उजव्या हातीं मात्र केवळ मंद. दिव्यांची कळ ओढली कीं पहिल्या टप्प्यावर फक्त मंद दिवे लागत. मोठे दिवे लागण्यास कळीच्या बाजूचें बारीक बटण दाबून ती आणखी ओढावी लागे, म्हणजे रात्रीं आघाडीवर चुकून प्रकाश पडूं नये. युद्ध संपून गाडी मुलकी हातीं आली म्हणजे हे दिवे निरुपयोगी होत. कोणी ते काढून टाकी, तारा कापी व टोकांस फीत गुंडाळी. आमच्या चार मुक्या तारांपैकीं दोन पुढल्या दिव्यांच्या बाजूंस, एक डाव्या चाकाच्या पत्र्याकडे व एक मागें जात होती. त्यांचा वरचा शेवट दिव्यांच्या कळीच्या जागीं एकत्र येत होता.

या पुराव्यावर आक्षेप घेतां येईल व तो आम्हीच घेतों. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यासाठीं घडलेल्या जीपांसहि लष्करी दिवे असत. तेव्हां एवढ्यावरून गाडी महायुद्धांतील ठरत नाहीं. म्हणून आणखी दोन गोष्टी जमेस धरल्या पाहिजेत. पहिली, तारांची जाडी. युद्धकालीन जीप ६ व्होल्टची होती. ३० वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ५ अँपियर प्रवाह घेतो, तोच १२ व्होल्टवर अडीच अँपियर. तारेचा विरोध एक दशांश ओहम धरला तर पहिल्या प्रकारांत अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्च होतो, म्हणजे एकंदर दाबाचा बारावा हिस्सा. दुसऱ्यांत पाव व्होल्ट, म्हणजे अठ्ठेचाळिसावा. त्यामुळें ६ व्होल्टच्या गाडीस जाड तारा लागतात. या गाडीस डिझेल यंत्राबरोबर १२ व्होल्टची बॅटरी आली आहे, परंतु मूळ जुडग्यांतील दिव्यांच्या तारा त्या कामास लागतात त्याहून पुष्कळच जाड आहेत. दुसरी गोष्ट, बॉनेट व चासी यांस जोडणाऱ्या विणीव तांब्याच्या पट्ट्या. लष्करी गाडींत बिनतारी यंत्राच्या ऐकण्यांत ठिणग्यांची खरखर येऊं नये म्हणून पत्र्याचे सुटे भाग अशा पट्ट्यांनीं एकमेकांशीं सांधीत. येथें एक पट्टी शिल्लक होती व दुसरीच्या जागीं तिचा बोल्ट. ६ व्होल्टच्या मुलकी जीपाहि होत्या, परंतु त्यांस ब्लॅकआउटचे दिवे नव्हते. सुती विणकाम, ६ व्होल्टची जाडी, मंद दिव्यांच्या तारा, विणीव पट्टी : यांतील प्रत्येक साक्ष एकटी दुबळी आहे, पण चारी एका जागीं मिळाल्यावर ही गाडी माझगांवची नव्हे, युद्धांतून आलेली आहे, असेंच म्हणावें लागतें.

मूळ लेखावर मागाहून चढलेले थरहि वाचण्यासारखे होते. सुती जुडग्यास बाहेरून बांधलेली पी. व्ही. सी. ची तांबडी-पिंवळी जोडी वळण दाखविणाऱ्या दिव्यांची. हा दुसऱ्या पिढींतील हात. डिझेल यंत्राबरोबर आलेल्या हीटरच्या तारा तिसरा हात. आणि सर्वांत वर, घरांतील दिवाबत्तीसाठीं मिळणारी एकेरी कडक तार, जी गाडीच्या हादऱ्यांनीं हमखास तुटते. ती टेपरेकॉर्डरसाठीं घातली होती असें स्नेह्यांच्या धाकट्या बंधूंनीं लाजत कबूल केलें. पोथीच्या समासांत निरनिराळ्या शाईनें केलेल्या टिपा आणि हे थर यांत आम्हांस तरी भेद दिसला नाहीं. क्षेपक म्हणून ते मूळांतून वेगळे काढले पाहिजेत, परंतु क्षेपकहि इतिहासच असतो. गाडी केव्हां सैन्यांतून सुटली, केव्हां रस्त्यावर वर्दळ वाढून इशाऱ्याचे दिवे आवश्यक झाले, केव्हां पेट्रोल परवडेनासें झालें, हें या थरांवरून क्रमानें लागतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वहींत गढून गेलों होतों. त्या वेळांत मिस्तरीनें गाडीच्या मागील निम्म्याचा जुडगा चासीवरून कापून काढला, वेटोळें केलें व अंगणांत फेकलें. फिरत्या भंगारवाल्यानें तें तांब्याच्या भावानें नेलें. सायंकाळीं आमच्या ध्यानांत आलें तेव्हां स्नेही स्वतः सायकलीवर त्याच्या मागें गेले. भंगारवाल्याच्या खोपटापुढें पोंचले तों वेष्टण जाळून तांबें मोकळें झालेलें होतें. दोष मिस्तरीचा नव्हे. त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें आणि ज्यास सांगतां आलें असतें तो ओसरीवर बसून दुसऱ्याच जीर्ण वस्तूची काळजी वाहत होता. मागच्या दोन दिव्यांची मांडणी, डावीकडे दोन्ही जातींच्या तारा व उजवीकडे एकाच जातीच्या, ही युद्धकालीन जीपेची सर्वांत ठळक खूण. ती या गाडींत होती कीं नाहीं याचा निकाल त्या राखेंत गेला.

या प्रसंगीं एका प्रसिद्ध ग्रंथाची आठवण होणें अपरिहार्य आहे, विशेषतः त्र्यंबकांत, जेथें ज्ञानदेवांचे वडील बंधु व गुरु निवृत्तिनाथ यांची समाधि आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, तिचें शुद्धीकरण केलें. हा जीर्णोद्धारच होता आणि तो झाला नसता तर ग्रंथ कोणत्या रूपानें आपल्या हातीं आला असता हें सांगवत नाहीं. परंतु ज्या प्रतींवरून त्यांनीं तें केलें त्या प्रती आपणांपाशीं नाहींत. पुढें इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एकनाथपूर्व म्हणून मानलेली एक पोथी मिळवून तिच्यावरून १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापली. तिच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांत मोठा वाद माजला आणि त्या वादाचा निवाडा ज्या एका वस्तूनें झाला असता ती मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. छापलेला ग्रंथ आहे, प्रस्तावना आहे, व्याकरण आहे. कागद व शाई नाहीं. ज्यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढून मूळ कागद जपण्याची शिकवण महाराष्ट्रास दिली, त्यांच्याच एका साधनाची ही गति व्हावी याचें दुःख या पत्राच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. नक्कल कितीहि उत्तम असली तरी ती नक्कल करणाऱ्यानें विचारलेल्या प्रश्नांचींच उत्तरें देते. पुढील मनुष्याचे प्रश्न निराळे असतात.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कारण मूळाबरहुकूम प्रत करणें हें नेहमींच शहाणपणाचें असतें असें नाहीं. अमेरिकेंत १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओपासून पुढें आठ-दहा वर्षें, मध्यम आकाराच्या गाडींत प्रचंड शक्तीचें आठ सिलिंडरांचें यंत्र घालण्याची एक लाट आली होती. त्या गाड्यांस तिकडे ‘मसल कार’ म्हणजे पिळदार स्नायूंच्या गाड्या म्हणतात. आपल्याकडे १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनें शिवडीचा जोडणीचा कारखाना बंद केल्यावर व आयातीवर निर्बंध आल्यावर त्या जातीच्या गाड्या क्वचितच आल्या. त्यांपैकीं क्रायस्लर घराण्यांतील गाड्यांत, ज्या घराण्याच्या डॉज, प्लिमथ या आधींच्या गाड्या वालचंदांच्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास जोडल्या होत्या, डायनॅमोऐवजीं आलेल्या आल्टरनेटरचा बॅटरी भरणारा प्रवाह यंत्राच्या आडपत्र्यांतील एका प्लॅस्टिकच्या जोडांतून आंत येऊन, डॅशबोर्डावरील अँमीटरमधून फिरून, पुन्हा त्याच जोडांतून बाहेर जाई. नवेपणीं हें ठीक चालतें. पुढें जोडाच्या चपट्या पात्यांवर गंज धरतो, विरोध वाढतो, पातें तापतें व प्लॅस्टिक वितळतें. अशा गाडीचें वायरिंग बदलतांना मूळ नकाशा तंतोतंत पाळणारा मनुष्य मूळांतील चूकहि तंतोतंत उतरवून घेतो. तेथील जाणते लोक प्रवाहाची मुख्य वाट अँमीटरला वगळून बाहेरून नेतात व कांटा नुसता शोभेस ठेवतात. आमच्या मतें हें योग्य आहे. अट एकच : पाठ बदलला आहे हें टीपेंत लिहिलेलें असावें आणि मूळ पाठ टीपेवरून पुन्हा उभा करतां यावा.

येथें रथाचा दृष्टान्त स्नेह्यांच्या मातोश्रींनीं दिला. कार्तिकी पौर्णिमेस त्र्यंबकराजाची स्वारी ज्या रथांतून कुशावर्तावर निघते तो विंचूरकरांनीं १८६५ सालीं अर्पण केलेला. रथाचे दोर, खिळे, आंख झिजले म्हणजे बदलावेच लागणार. म्हणून रथ दुसरा झाला असें कोणी म्हणत नाहीं, मग तुम्हीं तारांचा एवढा शोक कां करतां, असें त्यांचें म्हणणें. उत्तर एवढेंच कीं, दोर तुटला तरी रथ कोणाचा हें दोरावरून कळावयाचें नसतें. या गाडीच्या बाबतींत तें तारेवरूनच कळावयाचें होतें.

तिसऱ्या दिवशीं काम थांबवून रीत बदलली. तयार संच परत केला. उरलेल्या पुढील जुडग्याच्या प्रत्येक टोकास कापडी चिठ्ठी बांधून तिच्यावर क्रमांक घातला. तोच क्रमांक वहींत लिहून त्यापुढें रंग, जाडी, कोठून, कोठें हीं चार सदरें भरलीं. वहीच्या नकलेसाठीं आणलेला कागदच या कामीं आला. मग जुडगा कोठेंहि न कापतां, टोकांचे स्क्रू सोडून, सबंध बाहेर काढला व एका जुन्या दाराच्या फळीवर पसरून खिळ्यांनीं त्याचा आकार आंखला. मिस्तरीस प्रथम हा पोरखेळ वाटला. परंतु त्याच खिळ्यांमधून नव्या तारा फिरवूं लागल्यावर शाखा नेमक्या जागीं फुटतात हें पाहून तो खुलला आणि पुढें आमच्याहून अधिक काटेकोर झाला. एके ठिकाणीं आम्ही जाडीचा आंकडा चुकीचा लिहिला होता, तो त्यानें बोटानें तार चाचपून दुरुस्त केला. मागील निम्मा भाग मात्र मापें घेऊन नव्यानें योजावा लागला. त्या भागाच्या नोंदीपुढें आम्ही ‘मूळ पाहिलें नाहीं’ असा शेरा मारला आहे.

तारा १२ व्होल्टच्या मानानें घेतल्या. आंतून बारीक अनेक पदरांच्या, कारण तशा हादऱ्यांनीं तुटत नाहींत. पत्र्याच्या भोकांतून तार जाते तेथें रबराचीं कडीं बसविलीं. मूळ जीपेस सुटे फ्यूज नव्हते. दिव्यांच्या कळीपाशीं तापून आपोआप तुटणारी चकती होती. येथें मात्र आम्ही मूळ सोडलें व फ्यूजची पेटी घातली, तशी नोंद केली. मंद दिव्यांच्या चार तारांचा प्रश्न निघाला. मिस्तरीचें मत त्या गाळाव्या. स्नेहीहि गप्प होते. त्यांच्या मनांत काय चाललें होतें हें उघड होतें, कारण त्या तारा ठेवणें म्हणजे आजोबांची कोरी गाडी कोरी नव्हती हें कायमचें मान्य करणें. आमच्या शब्दास तेथें मान असला तरी अधिकार नव्हता, म्हणून आम्हीहि बोललों नाहीं. शेवटीं मातोश्रीच म्हणाल्या कीं, मामंजी भाव करण्यांत फार पक्के होते. नवी गाडी घेऊन जास्त पैसे देणारे ते नव्हेतच. त्यावर सर्व हंसले व चारी तारा नव्या जुडग्यांत गुंफल्या गेल्या. त्यांच्या टोकांस जुन्याप्रमाणेंच फीत गुंडाळली आहे.

बॅटरी जोडण्यापूर्वीं मिस्तरीनें बॅटरीचें एक टोक व तिची तार यांमध्यें एक लहान दिवा धरला. सर्व कळा बंद असतां हा दिवा लागला तर कोठें तरी चोरवाट आहे असें समजावें. पहिल्यानें तो मंद लागला. शोधतां भोंग्याच्या बटणापाशीं एक केसभर पदर पत्र्यास चिकटलेला निघाला. दुसऱ्यानें दिवा लागला नाहीं. पौर्णिमेच्या संध्याकाळीं, रथ कुशावर्तावरून परतण्याच्या सुमारास, गाडीचे दोन्ही मोठे दिवे लागले.

जुना जुडगा चिठ्ठ्यांसह वेटोळें करून, फळीवरील आंखणीचा कागद व चार सदरांची नोंदवही घालून, रुमालांत बांधला आहे आणि यजमानांच्या वह्यांच्या फडताळांत खालच्या खणीं ठेवला आहे. भंगारवाल्याकडून परत विकत घेतलेलें मागील भागाचें जळकें तांबें त्याच गांठोड्यांत वेगळ्या पुडींत आहे. रुमालावरील चिठ्ठी स्नेह्यांनीं स्वहस्तें लिहिली : गाडी युद्धांतील, आजोबांनीं जुनी घेतली.